घरगुती गोधडी व्यवसाय आणि सणासुदीची गर्दी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे सगळे हिशोब ६० × ७२ इंचांच्या गोधडीचे आहेत. एका माणसाला पांघरायला पुरेल असा हा आकार. वर जोडकामाचा टॉप, मध्ये बॅटिंग (ऊब देणारा भरावाचा थर), खाली अस्तर, तिन्ही थरांवरून मशीनची शिवण आणि कडेला गोट, म्हणजे कडा झाकणारी दुमडलेली पट्टी. तुमचं माप वेगळं असलं तर आकडे बदलतील, हिशोबाची रीत तीच राहील.

सणाआधी किती ऑर्डर घ्याव्यात?

आधी तास मोजा, मग ऑर्डर घ्या. साध्या चौकोनांच्या एका गोधडीला लागणारा वेळ साधारण असा: कापणं ३ तास, टॉप जोडणं १०, अस्तर जोडणं आणि इस्त्री दीड, थर अंथरून पिना लावणं २, वरची शिवण ६, गोट ३, धागे कापणं, धुणं, घडी आणि पॅकिंग दीड. झाले २७ तास.

घर सांभाळून मशीनसमोर रोजचे खरे ५ तास मिळत असतील आणि आठवड्याचे ५ दिवस काम होत असेल, तर आठवड्याला २५ तास हाती लागतात. म्हणजे आठवड्याला एक गोधडीसुद्धा पुरती होत नाही. हंगामाचे १० आठवडे धरले तर २५० तास. त्यातला पाचवा हिस्सा आजारपण, पाहुणे, बिघडलेलं मशीन आणि उसवून पुन्हा शिवण्यासाठी बाजूला ठेवायचा. उरले २००. त्यात बसतात सात गोधड्या. आठवी घेतलीत की तिचा वेळ पहिल्या सातांच्याच वाट्यातून जाणार, आणि सहसा शेवटच्या दोघींच्या गोटातून जातो, कारण घाई तिथेच होते.

गिऱ्हाइकांचे फोन, फोटो पाठवणं, कापड आणायला जाणं हे या २७ तासांत धरलेलं नाही. ते वेगळे दीड-दोन तास प्रत्येक ऑर्डरमागे जातातच.

ऑर्डर घेणं कोणत्या तारखेला थांबवावं?

सात जागा भरल्या की त्या दिवशी, मग सण दोन महिने लांब असला तरी. जागा रिकाम्या असतील तर उलट मोजा. गिऱ्हाइकाला गोधडी हवी तो दिवस, त्याआधी कुरियरचे ७ दिवस, त्याआधी गर्दीमुळे होणाऱ्या उशिराचे ३ दिवस, धुऊन पूर्ण वाळायला २ दिवस, शिवणकामाचे सात-आठ दिवस आणि कापड ठरवून ते हातात येईपर्यंतचा एक आठवडा. रांगेत दुसरी कुठलीच गोधडी नसेल तरी हे जवळजवळ चार आठवडे होतात. रांगेत दोन असतील तर सहा.

कापड नेमकं किती आणायचं?

हंगामात हवा तो प्रिंट दुसऱ्या खेपेला मिळेलच असं नाही, म्हणून हा हिशोब घरी कागदावर करून मगच दुकानात जा. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून काठ सोडून ४२ इंच कामाचे मिळतात असं धरू.

टॉप: तयार ६ इंचांचे चौकोन, १० आडवे आणि १२ उभे, म्हणजे १२० नग. प्रत्येक बाजूला पाव इंच माया (शिवणीत जाणारं कापड) धरून साडेसहा इंचांचे कापायचे. एका पट्टीत ६ चौकोन बसतात, म्हणून २० पट्ट्या, १३० इंच, सुमारे ३.३ मीटर. चुकीसाठी दहा टक्के जास्त घेतलं की ३.६५ मीटर.

अस्तर: इथे बहुतेकांचे पैसे वाया जातात. अस्तर चारही बाजूंनी ४ इंच मोठं हवं, म्हणजे ६८ × ८० इंच. एका पन्ह्यात ते बसत नाही, जोड द्यावाच लागतो. सवयीने उभा जोड दिला तर ८० इंचांचे दोन तुकडे, १६० इंच, ४.०६ मीटर. तोच जोड आडवा दिला तर ६८ इंचांचे दोन तुकडे पुरतात. १३६ इंच, म्हणजे ३.४५ मीटर. दोन पन्हे जोडून, अर्ध्या इंचाची माया वजा करून ८३ इंच मिळतात आणि हवे असतात ८०. प्रत्येक गोधडीमागे ६० सेंटिमीटर कापड वाचतं. प्रिंटला वर-खाली दिशा असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही, फुलं आडवी पडतात.

गोट: परीघ २६४ इंच, त्यात कोपरे आणि शेवटच्या जोडासाठी १२ मिळवले की २७६. अडीच इंची सात पट्ट्यांचे २९४ इंच होतात, म्हणून सात पुरतील असं वाटतं. पण पट्ट्या तिरक्या जोडताना दर जोडाला अडीच इंच जातात. सहा जोडांत १५ इंच गेले की उरतात २७९. एक पट्टी वाकडी कापली गेली की संपलं. आठ पट्ट्या घ्या, ६० सेंटिमीटर कापड आणा. सरळ कडांना सरळ धाग्याची पट्टी चालते. कडा गोलाई घेत असेल तरच उरेब, म्हणजे तिरकी, पट्टी कापा.

चौकोन सगळे सारखे कापले, तरी ओळी एकमेकींना जुळत नाहीत. का?

माया चुकते आहे. हंगाम सुरू होण्याआधी एकदा ही चाचणी करा: दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, पाव इंच माया ठेवून शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा. मधली पट्टी आता बरोबर १ इंच दिसायला हवी. ती त्याहून अरुंद असेल तर टीप आत जाते आहे. रुंद असेल तर कडेकडे सरकते आहे.

इतक्या बारकाईची गरज काय, तर प्रत्येक जोडात एक-सोळांश इंच चुकलं की ते दोन्ही चौकोनांतून जातं, म्हणजे दर जोडाला एक-अष्टमांश. बारा चौकोनांच्या ओळीत अकरा जोड असतात, ओळ सव्वा इंचाहून जास्त आखूड होते. शेजारची ओळ दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या फूटने (मशीनचा कापड दाबून धरणारा पाय) शिवलेली असेल तर ती वेगळ्याच मापाची निघते. म्हणून एक टॉप सुरू केला की संपेपर्यंत फूट आणि सुईची जागा बदलायची नाही. मशीनच्या पत्र्यावर जाड टेपचे दोन-तीन थर चिकटवून कड केली की कापड आपोआप तिला टेकून चालतं.

दुसरं कारण इस्त्री. कापडावरून इस्त्री ढकलली की चौकोन ताणला जातो. उचलून ठेवायची, परत उचलायची.

सगळ्या गोधड्या एकदम कापून ठेवाव्यात की एकेक पूर्ण करावी?

कापणं एकदम, शिवणं एकेक. कटरला नवं पातं लावून दोन दिवसांत तीन-चार गोधड्यांचे चौकोन कापून घेतले तर टेबल मांडण्या-आवरण्याचा वेळ वाचतो. प्रत्येकीचे तुकडे वेगळ्या डब्यात ठेवा. डब्यावर नाव, माप आणि द्यायची तारीख लिहा, आत वापरलेल्या कापडाचा हाताएवढा तुकडा आणि उरलेला गोट ठेवा.

टॉप जोडताना माळ करून शिवा. एक जोडी मशीनखालून गेली की दोरा न कापता लगेच दुसरी सरकवायची. शेवटी पताकांसारखी माळ बाहेर येते, ती कात्रीने सुटी करायची. दोराही वाचतो आणि सुरुवातीचा गुंताही होत नाही. माळेच्या सुरुवातीला आणि शेवटी एक चिंधी घालायची, म्हणजे पहिल्या चौकोनाचा कोपरा मशीनच्या दात्यांत ओढला जात नाही.

तीन टॉप तयार करून ठेवून मग तिघींची शिवण आणि गोट, असं मात्र करू नका. टॉप रंगीत दिसतो, काम उरकल्यासारखं वाटतं, पण २७ पैकी निम्मे तास अजून बाकी असतात.

कॉटनचं बॅटिंग घ्यावं की पॉलिएस्टरचं?

कॉटन जड, सपाट, धुतल्यावर तीन ते पाच टक्के आटतं. ६० इंचांत ते दोन-तीन इंच होतात आणि गोधडीला ती जुनी, सुरकुतलेली मऊ कळा येते. पॉलिएस्टर हलकं, फुगीर, जवळजवळ न आटणारं. गिऱ्हाइकाला विचारा आणि ठरलेलं लिहून ठेवा. पाकिटावर दोन शिवणींतलं कमाल अंतर छापलेलं असतं, ते बघितल्याशिवाय नमुना पक्का करू नका. कुठल्या बॅटिंगला ८ इंच चालतात, तर कुठलं ४ इंचांपलीकडे गेलं की आत गोळे होतात.

मागच्या बाजूला चुण्या पडतात, त्या कशा टाळायच्या?

जवळजवळ नेहमी दोष थर अंथरण्यात असतो, मशीनमध्ये नाही. अस्तर उलटी बाजू वर करून फरशीवर पसरा आणि कडा टेपने चिकटवा. तिथे ते ताठ हवं, पण ताणलेलं नको. ताणून चिकटवलं तर टेप काढताच आकसतं आणि चुण्या तिथल्या तिथे तयार होतात. त्यावर बॅटिंग, हाताने मधून कडेला सपाट करून. मग टॉप.

सेफ्टी पिना दर ४ इंचांवर, म्हणजे मूठ ठेवली तर कुठेतरी पिन लागलीच पाहिजे. या मापाला सुमारे २७० पिना लागतात. डब्यातून मोजून काढा आणि शेवटी मोजून परत ठेवा. एक कमी भरली तर ती गोधडीतच आहे असं समजून शोधा. चिकटणारा स्प्रे वापरत असाल तर खिडकी उघडी ठेवा, विस्तव जवळ नको, आणि फवारा हलका मारा. जास्त झाला की सुई चिकट होऊन टाके सुटतात.

शिवताना वॉकिंग फूट (सगळे थर एकसारखे पुढे सरकवणारा) लावा, टाका अडीच ते तीन मिलिमीटर. पहिली ओळ मधोमध, मग एका बाजूला, मग दुसऱ्या. सगळ्या ओळी एकाच दिशेने मारा. एक वरून खाली आणि शेजारची खालून वर मारली तर दोन ओळींमधलं कापड तिरकं ओढलं जातं आणि लाटा दिसतात. गोधडीचं वजन टेबलावरून खाली लोंबू देऊ नका. मशीनच्या डावीकडे आणि मागे खुर्ची किंवा इस्त्रीचं टेबल लावून तिला आधार द्या.

खालून दोऱ्याची जाळी होते. ताण बॉबिनचा बदलायचा का?

आधी हात लावू नका. खाली जाळी म्हणजे वरच्या दोऱ्याला ताण नाही. फूट खाली असताना दोरा ओवला की तो ताणाच्या चकत्यांमध्ये बसतच नाही. फूट वर करून पुन्हा ओवा, दहातल्या आठ वेळा एवढ्यानेच भागतं. उलट बॉबिनचा दोरा वर ठिपक्यांसारखा दिसत असेल तर वरचा ताण थोडा कमी करा. प्रत्येक बदलानंतर त्याच तीन थरांच्या चिंधीवर टीप मारून बघा, सुट्या कापडावर नाही.

हंगामात मशीन बंद पडू नये म्हणून काय करावं?

दुरुस्तीवाल्याकडे सणाच्या दोन महिने आधी जा, नंतर त्याच्याकडेही रांग लागते. सुई दर गोधडीला नवी किंवा आठेक तासांनी: जोडकामाला ८०/१२ नंबरची, तीन थरांना ९०/१४. बोथट सुईचा आवाज बदलतो, टप-टप असा ऐकू येतो. दोन-तीन बॉबिन संपल्या की पत्रा काढून ब्रशने बॅटिंगचा भुसा साफ करा. फुंकू नका, तो आणखी आत जातो आणि श्वासातली वाफही जाते. रात्री आठ-दहा बॉबिन भरून ठेवा. साधं सरळ टीप मारणारं जुनं मशीन घरात असेल तर ते विकू नका.

टॉपभोवती चौकट म्हणून लावलेल्या कडेच्या पट्ट्यांना लाटा येतात.

लांब पट्टी टॉपला लावत-लावत शेवटी उरलेली कापून टाकली की हे होणारच. टॉप मधोमध आणि दोन्ही कडांजवळ असा तीन ठिकाणी मोजा, सरासरी काढा, पट्टी त्याच मापाची आधी कापा. दोन्ही टोकं आणि मध्य टाचणीने पक्के करा, मग शिवा.

रंग जातो का हे कसं ओळखायचं? आणि गेलाच तर?

लाल, गडद निळा, काळा आणि मरून यांच्यावर कधीच विश्वास ठेवू नका. ओल्या पांढऱ्या फडक्यावर कापड घासून बघा. मग एक तुकडा गरम पाण्याच्या पांढऱ्या वाटीत अर्धा तास ठेवा. पाणी रंगलं तर ते कापड वेगळं धुवा, आणि एक कापड आधी धुतलंत तर सगळीच आधी धुवा. एक आटलेलं आणि एक न आटलेलं असं मिश्रण नको.

पूर्ण झालेल्या गोधडीवर रंग उतरला तर तिला वाळू देऊ नका आणि इस्त्री तर मुळीच नाही, उष्णतेने डाग पक्का होतो. मोठ्या टबात भरपूर गरम पाणी, भांडी घासायचा साधा द्रव साबण, आणि गोधडी पूर्ण बुडालेली. कोपरा वर तरंगत राहिला तर रंग तिथेच साचतो. रात्रभर ठेवा, पाणी बदला, निवळ पाणी येईपर्यंत पुन्हा करा. एवढ्यासाठीच द्यायच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा धुऊ नये.

गोट हाताने लावावा की मशीनने?

हाताने लपत्या टाक्यांचा गोट सुंदर दिसतो आणि चार-सहा तास खातो. हंगामात मशीनचाच ठरवा, हाताच्या गोटाचे वेगळे पैसे लावा. मशीनने करताना पट्टी आधी मागच्या बाजूला शिवायची, मग पुढे दुमडून वरून टीप मारायची. त्यामुळे दिसणारी टीप तुमच्या डोळ्यांसमोर असते. कोपऱ्याच्या पाव इंच अलीकडे थांबा, पट्टी वर दुमडा, मग खाली. एक टाका जरी पुढे गेलात तरी कोपरा गोल होतो.

आठवणींच्या गोधडीच्या ऑर्डर सणाच्या तोंडावर येतात. घ्याव्यात का?

वेळ असेल तरच. इथे चूक भरून निघत नाही. कापड दुकानातून दुसरं आणता येतं, माणसाचा सदरा येत नाही. कपडे हातात आले की मोजा, प्रत्येकाचा फोटो काढा, कुठला भाग मध्ये हवा ते टाचणीने दाखवून गिऱ्हाइकाची लेखी संमती घ्या. त्यानंतरच कात्री.

टी-शर्ट ताणला जातो म्हणून मागून हलकं फ्युझिंग (इस्त्रीने चिकटणारं पातळ अस्तर) लावायचं, मग १२ ते १४ इंचांचा चौकोन कापायचा. कपडे धुताना सॉफ्टनर नको, त्याच्या थराने फ्युझिंग सुटतं. छापलेल्या चित्रावर इस्त्री थेट नको, मध्ये कागद ठेवा. अशा गोधडीला साध्यापेक्षा किमान आठ तास जास्त धरा.

किंमत कशी ठरवायची, आगाऊ किती घ्यायचं?

साहित्य, त्यावर दहा-पंधरा टक्के वाया जाणारं, २७ तास गुणिले तुमचा तासाचा दर, आणि वीज, सुया, पाती, पॅकिंग. साहित्याच्या दुप्पट हा प्रचलित ठोकताळा सोडून द्या. स्वस्त कापडाची गोधडी शिवायला तास कमी लागत नाहीत. दुसऱ्याच्या तयार टॉपवर फक्त शिवण घालून देत असाल तर चौरस इंचावर दर लावा, या मापाचे ४,३२० होतात.

निम्मी रक्कम आगाऊ, आणि कापड कापल्यावर ती परत मिळणार नाही हे आधीच लिहून द्या. तातडीच्या कामाला वीस-तीस टक्के जास्त घेता येतात, पण वहीत रिकामी जागा असेल तरच. जास्त पैशांनी दिवसाचे तास वाढत नाहीत.

बाळासाठी मागितली तर काही वेगळं?

बटणं, मणी, लोंबणाऱ्या फिती नकोत. पिना दोनदा मोजा. एक वर्षाखालच्या बाळाला झोपताना सुटं पांघरूण घालू नये, ही गोधडी जमिनीवर खेळायला अंथरण्यासाठी आहे, असं सोबतच्या चिठ्ठीत स्पष्ट लिहा.

उशिरा आलेल्या गिऱ्हाइकांना रिकाम्या हाताने पाठवायचं का?

कपाखालच्या बैठका, टेबल रनर, गरम भांडं धरायच्या पकडी यांना उरलेलं बॅटिंग आणि चौकोन पुरतात. दहा बैठका एकदम कापल्या तर एका दुपारी होतात. पकडीत कॉटन बॅटिंगचे दोन थर घाला. पॉलिएस्टर नको, ते उष्णतेने वितळतं. चकचकीत परावर्तक थर घातलात तर मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये असं लिहा.

कुरियरचा खर्च अंदाजापेक्षा जास्त का येतो?

कारण वजनाबरोबर आकारही मोजला जातो. बऱ्याच सेवा लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि ते उत्तर खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्यावर पैसे घेतात. गोधडी भरते दीड किलोच्या आसपास. ५० × ४० × २५ च्या खोक्यात टाकलीत तर ती १० किलोंची होते. रुंदीत चार आणि लांबीत सहा घड्या घातल्या की ती साधारण ३८ × ३० × १४ होते, ४० × ३२ × १५ च्या खोक्यात बसते आणि ३.८ किलो धरली जाते. आत पाणी न शिरणारी पिशवी हवीच. हवा काढून दाबलेल्या पिशवीत आठवडाभर ठेवू नका, पॉलिएस्टर बॅटिंगचा फुगीरपणा जातो.

मनगट आणि पाठ भरून येते.

कापायचं टेबल कोपराच्या जरा खाली हवं, जेवणाच्या टेबलाच्या पायांखाली ठोकळे घालून तेवढी उंची मिळते. पाऊण तासाने उठा. गोधडी बोटांनी चिमटून ओढू नका, रबरी ठिपक्यांचे हातमोजे घातले तर तळव्याने सरकते.

वेळेत होणार नाही हे लक्षात आलं तर?

लक्षात आलं त्याच दिवशी कळवा, आदल्या रात्री नाही. मग वेळ कुठे वाचतो ते बघा. २ इंचांवरच्या ३५ ओळी म्हणजे ५३ मीटर शिवण. बॅटिंगला चालत असेल तर ३ इंचांवर २३ ओळी, ३५ मीटर. दोन तास सुटतात. हाताचा गोट ठरला असेल तर विचारून मशीनचा करा आणि फरकाचे पैसे कमी करा. तरीही जमत नसेल तर सणाला तयार टॉपचा फोटो, कापडाचा एक चौकोन आणि नक्की तारीख लिहिलेली चिठ्ठी पाठवा. ज्याला भेट द्यायची त्याच्या हातात काहीतरी पडतं. ती नवी तारीख लिहिताना पुन्हा तासच मोजा, आणि त्यात वाळायचे दोन दिवस धरा.